मुलांची फिट, मेंदूचा नकाशा आणि हातातून निसटणारी वर्षे

ऑक्टोबर 2017 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात दिल्लीच्या ‘एम्स’मधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अपस्मार असलेली 116 मुले त्यात होती. सगळी अठरा वर्षांची किंवा त्याहून लहान, आणि सगळ्यांच्या बाबतीत औषधांनी हात टेकलेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले गेले. 57 मुलांवर मेंदूची शस्त्रक्रिया झाली. 59 मुले औषधांवर राहिली आणि आपल्या पाळीची वाट पाहत थांबली. शस्त्रक्रियेची प्रतीक्षायादी मुळातच लांब होती, म्हणून कुणावर अन्याय न होता ही तुलना करता आली. वर्षाने पाहिले तेव्हा पहिल्या गटातली 77 टक्के मुले फिटमुक्त होती. औषधांवरच्या गटात हे प्रमाण होते 7 टक्के.

मंजरी त्रिपाठी, पी. शरत चंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या अभ्यासाची दुसरी बाजूही लगेच सांगितली पाहिजे. शस्त्रक्रिया झालेल्या 33 टक्के मुलांना गंभीर त्रास झाला आणि त्यात शरीराच्या एका बाजूची ताकद कमी होणे हा सर्वांत मोठा भाग होता. पुष्कळ मुलांत तो आधीच ठाऊक होता, पालकांना सांगितलेला होता, कारण शस्त्रक्रियाच मेंदूचा मोठा भाग बंद करण्याची होती. तरीही तो त्रासच. मुलांच्या अपस्मारावरची शस्त्रक्रिया म्हणजे चमत्कार नव्हे. ती एक देवघेव आहे. काय जाईल, काय मिळेल, हे जितके आधी कळेल तितकी ती देवघेव न्याय्य ठरते. मेंदूच्या जाळ्याचे नकाशे काढण्याचा गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला सगळा खटाटोप त्यासाठीच चालला आहे.

आधी औषधांचे. फिटचे निदान झाल्यावर गोळ्या सुरू होतात आणि बहुतेकांना त्या पुरतात. ग्लासगोच्या क्वान आणि ब्रॉडी यांनी 2000 मध्ये आपल्या रुग्णांचा हिशेब मांडला. पूर्वी कुठलेच औषध न घेतलेल्यांपैकी 47 टक्क्यांच्या फिट पहिल्या औषधाने थांबल्या, दुसऱ्याने आणखी 13 टक्क्यांच्या, आणि तिसरे औषध एकटे दिल्यावर जेमतेम एका टक्क्याच्या. पुढे नवी नवी औषधे आली, पण या उताराचा आकार फारसा बदलला नाही. म्हणून 2010 मध्ये अपस्मारावरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने व्याख्या केली: योग्य निवडलेली, योग्य मात्रेत दिलेली आणि सोसलेली दोन औषधे हरली की तो अपस्मार औषधांना दाद न देणारा समजावा. चार नव्हे, सहा नव्हे, दोन. साधारण एक तृतीयांश रुग्ण या गटात मोडतात. जगात अपस्मार असलेले सुमारे 5 कोटी लोक आहेत आणि त्यांतले 80 टक्के गरीब वा मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, हे लक्षात घेतले की ‘एक तृतीयांश’ हा शब्द जड वाटू लागतो. आपल्याकडचा अंदाज हवा असेल तर मुंबईतल्या पारशी समाजाची घरोघर जाऊन केलेली पाहणी 1988 मध्ये प्रसिद्ध झाली आहे. नादिर भरूचा आणि सहकाऱ्यांना तिच्यात हजारी पाचच्या जवळपास अपस्माराचे रुग्ण आढळले होते. मुलगा-मुलगी, शहर-खेडे, श्रीमंत-गरीब कुणालाही न सोडणारा हा आजार आहे.

मोठ्या माणसाची फिट त्याची नोकरी, गाडी चालवणे, लग्न अशा गोष्टींवर घाला घालते. लहान मुलाची फिट त्याहून खोल जाते. ज्या मेंदूत अजून भाषा रुजायची आहे, त्याच मेंदूत दिवसातून दहा-वीस वेळा विजेचे वादळ उठते. मूल बसायला लागलेले असते ते बसणे विसरते, ‘आई’ म्हणणारे गप्प होते. इंग्लंडमधले डॉक्टर विल्यम वेस्ट यांनी 1841 मध्ये ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून एका तान्ह्या बाळाचे असे वर्णन केले होते: मान आणि अंग पुन्हा पुन्हा पुढे वाकणे, आणि त्याबरोबर खुंटलेली वाढ. ते बाळ त्यांचा स्वतःचा मुलगा होता. आजही त्या प्रकाराला वेस्ट सिंड्रोम म्हणतात. या मुलांत नुसत्या फिट थांबवणे पुरेसे नसते. दोन फिटच्या मधल्या वेळातही मेंदूच्या लहरी विस्कटलेल्या असतात आणि वाढ त्यातच अडकते. उलट बाजूने पाहा. लंडनमध्ये बालपणी टेम्पोरल लोबची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला गेला आणि 2011 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. बुद्ध्यांकात वाढ दिसली, पण ती सहा किंवा अधिक वर्षांनी. म्हणजे फिट थांबल्यावर मेंदू हळूहळू आपले राहिलेले काम पुरे करतो. त्याला त्यासाठी वर्षे लागतात, आणि ती वर्षे बालपणातच असतात.

आता विलंबाचा आकडा. युरोपातल्या 12 देशांतल्या 9,523 रुग्णांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींची तपासणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे 76 टक्के रुग्णांचा आजार अठरा वर्षांच्या आत सुरू झाला होता, पण 72 टक्क्यांहून अधिक जणांची शस्त्रक्रिया प्रौढपणी झाली. फिट सुरू झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत प्रौढांची सरासरी 20.1 वर्षे गेली होती, मुलांची 5.3 वर्षे. ही युरोपातली गोष्ट आहे, जिथे विमा आहे, रस्ते आहेत, न्यूरॉलॉजिस्ट आहेत. त्याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. मोठ्यांत हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग आक्रसून घट्ट होणे हे मुख्य कारण असते, तर मुलांत मेंदूच्या सालीची रचनाच जन्माआधी चुकलेली असणे, ज्याला फोकल कॉर्टिकल डिस्प्लेशिया म्हणतात, ते पहिल्या क्रमांकावर. म्हणून मोठ्यांची शस्त्रक्रिया शिकून मुलांची आपोआप करता येत नाही.

कापायचे कुठे, हा प्रश्न जुना आहे. 25 मे 1886 रोजी लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात व्हिक्टर हॉर्सली यांनी एका 22 वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतला व्रण काढला. लहानपणी डोक्याला झालेल्या दुखापतीने तो राहिला होता. त्या काळी ना एक्स-रे होता, ना मेंदूच्या लहरींची नोंद. हात, पाय, चेहरा यांतून फिट कोणत्या क्रमाने पसरते, हे ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी नुसत्या निरीक्षणाने टिपून ठेवले होते. त्यावरून जागा ठरली. पुढे हान्स बर्गर यांनी जर्मनीतल्या येना शहरात 1924 मध्ये माणसाच्या मेंदूच्या विद्युतलहरी पहिल्यांदा टिपल्या आणि ईईजीचे युग सुरू झाले. मॉन्ट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड रुग्णाला जागे ठेवून, कवटी उघडून, मेंदूला सौम्य विद्युतस्पर्श करत विचारायचे, काय वाटते? कोणाची बोटे हलायची, कोणाला आवाज ऐकू यायचा. हालचालीचा आणि स्पर्शाचा नकाशा असा बोलत्या माणसांकडून तयार झाला. भारतातले पहिले न्यूरोसर्जन जेकब चांडी मॉन्ट्रियललाच शिकून आले, 1949 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांनी विभाग उभा केला आणि 1952 मध्ये तिथे अपस्मारावरची शस्त्रक्रिया झाली. इतक्या लवकर सुरुवात होऊनही नंतर आपण दीर्घकाळ रेंगाळलो. 1995 मध्ये तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेत कुरुपथ राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने पद्धतशीर कार्यक्रम उभा राहीपर्यंत या देशात ही शस्त्रक्रिया तुरळकच होत होती.

तीन वर्षांच्या मुलाला जागे ठेवून पेनफिल्डसारखे प्रश्न विचारता येत नाहीत. मुलांसाठी म्हणूनच दुसरा मार्ग शोधावा लागतो आणि तो अनेक तपासण्यांच्या जोडणीतून जातो. मुलाला वॉर्डात दाखल करतात. डोक्याला तारा चिकटवतात, कॅमेरा दिवसरात्र सुरू राहतो, गोळ्या कमी केल्या जातात आणि मग फिट येण्याची वाट पाहायची. वर्षानुवर्षे जी येऊ नये म्हणून नवस केले, ती यावी म्हणून आईने उशाशी बटण धरून बसायचे. फिट कशी सुरू होते, डोळे कुठे वळतात, कोणता हात आखडतो, हे चित्र आणि त्याच क्षणाचा ईईजी शेजारी ठेवून पाहिला जातो. मग एमआरआय, पेट स्कॅन, कधी फिट सुरू होताच काही सेकंदांत शिरेतून औषध टोचून केलेला स्पेक्ट स्कॅन, आणि मेंदूच्या चुंबकीय लहरी टिपणारे एमईजी. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात ‘एम्स’च्या भागीदारीने हे यंत्र चालते. पेट स्कॅनचा लहान मुलांत किती उपयोग होतो, हे हॅरी चुगानी यांच्या गटाने 1990 मध्ये दाखवले होते. वेस्ट सिंड्रोमच्या ज्या बाळांच्या इतर तपासण्यांतून कारण मिळाले नव्हते, त्यांतल्या काहींच्या मेंदूत ग्लुकोजचा वापर एका मर्यादित भागात कमी दिसला. सगळ्या मेंदूचा वाटणारा आजार एका जागी सापडला आणि ती जागा काढता आली.

लहान मुलांच्या एमआरआयमध्ये एक फसवी गोष्ट असते, ती पालकांनीही जाणून घ्यावी. मेंदूतल्या तंतूंवर मायलिनचे आवरण चढण्याचे काम मुख्यत्वे पहिल्या दोन वर्षांत चालते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या एमआरआयमध्ये दिसणारा डिस्प्लेशिया पुढच्या वर्षभरात दिसेनासा होऊ शकतो आणि दोन-अडीच वर्षांनंतर पुन्हा उघड होतो. तेव्हा वर्षाच्या बाळाचा एमआरआय ‘नॉर्मल’ आला म्हणजे प्रकरण मिटले, असे नाही. शिवाय सगळे एमआरआय सारखे नसतात. 2019 मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत तीन विशिष्ट मालिका सांगितल्या आहेत: पातळ कापांचे त्रिमितीय टी-वन, त्रिमितीय फ्लेअर आणि हिप्पोकॅम्पसला काटकोनात घेतलेले टी-टू. तालुक्याच्या गावी घाईने काढलेल्या जाड कापांच्या फिल्ममध्ये नखाएवढा डिस्प्लेशिया दिसत नाही. त्या फिल्मवर ‘नॉर्मल’ लिहिले जाते आणि पुढची पाच वर्षे सगळे त्या शब्दावर विसंबून राहतात.

पण फिट ‘एका जागेची’ असते हे गृहीतकच अपुरे आहे, हे हळूहळू ध्यानात येत गेले. दोष दिसला, तो पूर्ण काढला, तरी काही मुलांच्या फिट परत आल्या. लंडनमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या 615 प्रौढांचा 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला दीर्घ पाठपुरावा सांगतो की पाच वर्षांनी 52 टक्के रुग्ण फिटमुक्त होते, दहा वर्षांनी 47 टक्के. कुठेतरी दुसरा धागा शिल्लक राहत होता. पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात जाँ तालेराख आणि जाँ बाँकॉ यांनी 1950 च्या दशकापासूनच वेगळा विचार धरला होता. मेंदूच्या पृष्ठभागावरून पाहण्यापेक्षा कवटीला बारीक छिद्रे पाडून तारेसारखे इलेक्ट्रोड खोलवर सोडायचे आणि फिट अवकाशात व काळात कशी पसरते ते पाहायचे. यालाच स्टिरिओ-ईईजी म्हणतात. अमेरिकेत सुझन स्पेन्सर यांनी 2002 मध्ये माणसाचा अपस्मार हा जाळ्याचा आजार म्हणून मांडला. मार्सेयमध्ये फाब्रिस बार्तोलोमेई यांनी 2008 मध्ये मेंदूचा कोणता भाग किती लवकर आणि किती जोराने फिटमध्ये ओढला जातो, हे आकड्यात मांडणारा निर्देशांक दिला. 2010 मध्ये अधिकृत व्याख्याही बदलल्या आणि फिट ‘जाळ्यात’ उगम पावते, असे त्यांत लिहिले गेले.

मुंबईच्या लोकलने जाणाऱ्याला हे सहज कळेल. बिघाड दिवा स्थानकात होतो, पण गाड्या कर्जतला आणि कसाऱ्याला अडकतात. आणि कधी दिव्याचा रूळ दुरुस्त केला तरी वेळापत्रक सावरत नाही, कारण दुसरीकडे कुठेतरी सिग्नल तसाच अडून बसलेला असतो. सर्जनपुढचा खरा प्रश्न असा असतो: या जाळ्यातला कोणता सांधा तोडला तर वादळ उठणार नाही, आणि कोणता तोडला तर मुलाचे बोलणे जाईल?

मुलांसाठी या नव्या नकाशांचे मोल विशेष आहे, कारण त्यांतल्या कित्येक पद्धतींत मुलाने काही करावे लागत नाही. झोपेत किंवा भूल देऊन घेतलेल्या एमआरआयमध्ये मेंदूचे कोणते भाग एका लयीत वरखाली होतात, ते पाहून जोडण्या समजतात. पाण्याच्या रेणूंच्या हालचालीवरून पांढऱ्या तंतूंचे मार्ग आखता येतात. डोळ्यांकडून येणारा तंतूंचा पट्टा कुठून वळतो हे शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जनच्या डोळ्यांसमोर ठेवता येते, आणि दृष्टीचा कोपरा वाचतो. इलेक्ट्रोड बसवलेले असतील तर एका बिंदूला सौम्य झटका देऊन दुसऱ्या कोणत्या बिंदूंवर त्याचा पडसाद उमटतो ते मोजता येते. मूल झोपलेले असले तरी चालते. डेट्रॉइटमध्ये एशी असानो यांच्या गटाने मुले चित्रांची नावे सांगत असताना, प्रश्नांची उत्तरे देत असताना मेंदूच्या जलद लहरी कुठे उसळतात ते टिपून भाषेचे प्रदेश आखले आहेत. पेनफिल्डचे काम आता असे, मुलाला घाबरवल्याविना, होऊ शकते. लहान मुलांत विद्युतस्पर्शाने भाषा शोधणे मुळातच अवघड असते. त्यांच्या मेंदूला प्रतिसादासाठी जास्त प्रवाह लागतो, म्हणून ही भर मोलाची आहे.

इथे थोडे थांबून पुरावा तपासायला हवा, कारण रंगीत नकाशा फार पटकन पटतो. अतिजलद लहरींचे उदाहरण घ्या. फिट निर्माण करणाऱ्या ऊतीची ती अचूक खूण आहे असे अनेक वर्षे मानले जात होते. नेदरलँड्समधल्या युट्रेख्तला त्यावर चिठ्ठी पद्धतीने चाचणी झाली. मुले आणि मोठे दोघेही तिच्यात होते. 2022 मध्ये तिचा निकाल आला: शस्त्रक्रियेदरम्यान अतिजलद लहरी पाहून कापणे हे नेहमीच्या लहरी पाहून कापण्याइतकेच चांगले आहे, हे काही सिद्ध झाले नाही. जॉन्स हॉपकिन्समध्ये श्रीदेवी शर्मा यांच्या गटाने 2021 मध्ये जाळ्याच्या ‘ठिसूळपणा’चे गणित मांडले. 91 रुग्णांच्या नोंदींवर ते लावले तेव्हा अयशस्वी ठरलेल्या 47 शस्त्रक्रियांपैकी 43 त्याने बरोबर ओळखल्या. हे लक्षणीय आहे. पण झालेल्या शस्त्रक्रियांचा मागाहून अंदाज बांधणे वेगळे आणि उद्याच्या मुलासाठी त्यावर विसंबून चाकू धरणे वेगळे. मार्सेयच्या व्हिक्टर यिर्सा यांनी प्रत्येक रुग्णाच्या मेंदूची संगणकीय प्रतिकृती करून तिच्यात आधी शस्त्रक्रिया करून पाहण्याची कल्पना पुढे आणली आणि फ्रान्समध्ये त्यावर अनेक रुग्णालयांत मिळून मोठी चाचणी उभी राहिली. जाळ्याच्या शास्त्राचा कस लागतो तो अशाच चाचण्यांत. सध्या तरी माझे मत असे: जाळ्याची दृष्टी बरोबर आहे आणि ती टिकणार आहे, पण तिच्या कोणत्याही एका गणिताने कापण्याची रेघ ठरवावी इतका पुरावा अजून जमलेला नाही. डॉक्टरांच्या टेबलाभोवती ती एक जाणता साक्षीदार म्हणून बसावी, न्यायाधीश म्हणून नव्हे.

संगणकाची मदत सर्वांत लवकर मिळेल ती वेगळ्याच, साध्या कामात, असे मला वाटते. लंडनच्या सोफी अ‍ॅडलर आणि कोनराड वॅगस्टिल यांनी उभारलेल्या ‘मेल्ड’ प्रकल्पात अनेक देशांतल्या केंद्रांतले एमआरआय एकत्र करून डिस्प्लेशिया शोधणारी प्रणाली तयार झाली. 2025 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार रेडिओलॉजिस्टच्या नजरेतून सुटलेल्या दोषांपैकी सुमारे 64 टक्के तिने दाखवून दिले. दोष दिसणे ही लहान गोष्ट नाही. एमआरआयमध्ये दोष असलेल्यांत शस्त्रक्रियेनंतर फिटमुक्त होण्याची शक्यता दोष न दिसणाऱ्यांपेक्षा अडीच पट असल्याचे जुन्या अभ्यासांच्या संकलनातून दिसले आहे. नामांकित रेडिओलॉजिस्ट नसलेल्या शहरालाही अशी प्रणाली उपयोगी पडेल. मात्र तिला पातळ कापांचा चांगला एमआरआयच लागतो.

जाळे तोडून फिट थांबते याचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र संगणकाच्या आधीचा आहे, आणि तो मुलांच्याच शस्त्रक्रियेतून आला. काही मुलांत अर्धा मेंदूच आजारी असतो: जन्माच्या सुमारास रक्तपुरवठा तुटल्याने, एका बाजूचा मेंदू अवाजवी मोठा आणि बेढब वाढल्याने, स्टर्ज-वेबर आजारात, किंवा थिओडोर रासमुसेन यांनी 1958 मध्ये वर्णिलेल्या दाहामुळे, जो एकाच बाजूला वर्षानुवर्षे कुरतडत जातो. 1950 मध्ये जोहान्सबर्गच्या रोलंड क्रायनॉ यांनी अशा 12 रुग्णांचा अर्धा मेंदू काढल्याचे प्रसिद्ध केले. बहुतेकांच्या फिट थांबल्या. पण काही वर्षांनी त्या रिकाम्या पोकळीत सूक्ष्म रक्तस्राव होत राहिल्याने लोह साचले, पाणी साठले, काही रुग्ण दगावले आणि ही शस्त्रक्रिया मागे पडली. 1970 च्या दशकात याच रासमुसेन यांनी उपाय काढला: सगळा अर्धा मेंदू काढायचा नाही, मधला भाग काढून उरलेल्याचे सर्व दुवे तोडायचे. तुटलेला भाग रक्तपुरवठ्यासकट जागेवर राहतो, त्यात लहरी उठतही राहतात, पण त्या कुठेही पोचत नाहीत. मूल शांत असते. पुढे फ्रान्समध्ये डेलालांद आणि मॉन्ट्रियलमध्ये व्हिलमूर यांनी काढायचा भाग आणखी कमी केला, दुवे तोडण्यावर भर दिला. शरत चंद्र यांनी दिल्लीत हे काम एंडोस्कोपने, लहान छेदातून करून दाखवले. अर्धा मेंदू तोडल्यावर मूल कसे जगते? चालू लागते, बहुतेक वेळा. विरुद्ध बाजूच्या हाताच्या बोटांचे बारीक काम जाते, दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिक्षेत्राचा अर्धा भाग जातो. डावा मेंदू तोडला असेल आणि मूल पुरेसे लहान असेल तर भाषा उजवीकडे घर करते. ही लवचिकता शाळेच्या पहिल्या वर्षांनंतर झपाट्याने ओसरते. इथे पाच वर्षे वाट पाहणे म्हणजे बोलण्याची संधी वाया घालवणे.

ज्यांचा दोष एका जागी नाही, कापण्याजोगा नाही, त्यांच्यासाठी जाळ्याला बाहेरून सूर देण्याचे प्रयत्न आहेत. मानेतल्या व्हेगस नसेला झटके देणारे यंत्र अमेरिकेत 1997 पासून मान्य आहे. अनेकांच्या फिट निम्म्यावर येतात, पूर्ण थांबतात त्या क्वचित. टोरांटोच्या सिककिड्स रुग्णालयात जॉर्ज इब्राहिम यांच्या गटाने दाखवले की मेंदूच्या आतला थॅलॅमस हा भाग आणि मेंदूची साल यांच्यातल्या जोडण्या आधी पाहिल्या तर कोणत्या मुलाला या यंत्राचा उपयोग होईल याचा अंदाज येतो. एवढे महाग यंत्र नेमके कुणाला बसवायचे, हे ठरवायला आपल्यासारख्या देशात अशा संशोधनाची गरज अधिक. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात 2023 मध्ये एका 12 वर्षांच्या मुलाच्या कवटीत थॅलॅमसला उत्तेजन देणारे यंत्र बसवले आणि दिवसाच्या फिट 80 टक्क्यांनी कमी झाल्याचे सांगितले गेले. एका मुलावरून निष्कर्ष काढता येत नाही. औषध आणि चाकू यांच्यामध्ये आहारही आहे: तेल-तूप भरपूर, भात-पोळी अगदी थोडी. ‘एम्स’नेच 2013 मध्ये सुधारित अ‍ॅटकिन्स आहाराचा मुलांतला उपयोग चाचणीने दाखवला आहे.

आपल्याकडच्या मुलांचे चित्र आणखी एका बाबतीत वेगळे आहे. युरोपात डिस्प्लेशिया पुढे असेल, पण इथे जन्माच्या सुमारास प्राणवायू कमी पडणे आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तातली साखर घसरणे यांनी मेंदूला कायमचे व्रण पडलेली मुले मोठ्या संख्येने दिसतात. साखर घसरली तर मेंदूचा मागचा भाग जास्त करून जखमी होतो. पुढे वेस्ट सिंड्रोम, मग हट्टी फिट. अशा काही मुलांत मागचे लोब एका बाजूने तोडण्याची शस्त्रक्रिया उपयोगी पडते. पण व्रण दोन्ही बाजूंना असेल तर तीही हातातून जाते. ही सगळी फरफट बाळाला जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजण्याने आणि लहान, अशक्त बाळाची साखर तपासण्याने काही अंशी टळू शकते. मेंदूच्या जाळ्यांवर लिहिताना हे वाक्य लिहिणे मला सगळ्यात आवश्यक वाटते.

महाराष्ट्रात मुंबई-पुण्यात मुलांवर अशा शस्त्रक्रिया होतात, स्टिरिओ-ईईजीही होतो. तरीही गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या मुलाला तिथवर पोचायला किती पायऱ्या चढाव्या लागतात याचा विचार करा. गावात पहिल्या फिटला कांदा किंवा वहाण हुंगवतात, मग देवर्षी, मग जिल्ह्याच्या डॉक्टरांची गोळी, फिट थांबेना म्हणून दुसरी, तिसरी, चौथी. कुठल्याही पायरीवर कोणी वाईट हेतूने वागलेले नसते. पण दोन औषधे हरली की मूल तपासणीसाठी वरच्या केंद्राकडे पाठवायचे, हा नियम कुणाच्या भिंतीवर लिहिलेला नसतो. 2022 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत तो स्पष्ट आहे: औषधे हरल्याचे कळताच, आजार किती जुना, घरची स्थिती काय, हे न पाहता रुग्णाला शस्त्रक्रियेच्या मूल्यमापनासाठी पाठवावे. पाठवणे म्हणजे शस्त्रक्रिया करणे नव्हे. कित्येकांना तपासून ‘तुमच्यासाठी ही वाट नाही’ असे सांगितले जाईल, आणि तेही उपयोगी उत्तर आहे. 2013 पासून चालणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांत जाऊन मुले तपासतात. झटक्यांचे आजार त्यांच्या यादीत आहेत. या पथकांना ‘दोन औषधे’ हा एक प्रश्न विचारायला शिकवले, तर कुठल्याही नव्या यंत्रापेक्षा जास्त मुले वेळेत पोचतील.

म्हणून आईवडिलांना, शाळेतल्या शिक्षकांना, गावच्या डॉक्टरांना एवढीच विनंती. मुलाला फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांहून जास्त चालली तर तातडीने दवाखान्यात न्या, आणि कुणीतरी मोबाइलवर तिचे चित्रण करा, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असे. फिट आलेल्या तारखा वहीत लिहून ठेवा. आजवर दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव आणि मात्रा लिहून ठेवा. एमआरआयच्या फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. आणि दोन औषधे नीट घेऊनही फिट थांबत नसेल, तर तिसऱ्या औषधाबरोबरच अपस्मार शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्राची चिठ्ठी मागा, मूल कितीही लहान असले तरी.